नीलमचा कोयंडा

माणसाची लायकी त्याच्या पासवर्डवरून कळते, असं बोरीच्या नीलमचं मत होतं, आणि त्या परीक्षेत आजवर कुणीच पास झालं नव्हतं.

कोयंडा नावाचं एक सॉफ्टवेअर तिनं लिहिलं होतं आणि तीच ते सांभाळायची. कंपन्यांचे पासवर्ड कुलपात ठेवणारं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकमाची ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. फुकट होतं म्हणून देशोदेशीचे लोक वापरायचे, आणि फुकट असूनही हक्कानं शिव्या घालायचे. एकानं लिहिलं, मुख्य पासवर्ड विसरलो, तुमच्याकडचा पाठवा. दुसऱ्याची तक्रार, की पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही. तो दिसू नये म्हणूनच ती महिनाभर राबली होती. "अक्कल तेवढी फुकट वाटता येईना," असं पुटपुटत ती पुन्हा दुरुस्तीला बसायची. नवी आवृत्ती तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे, आणि ती सही करायची किल्ली, म्हणजे कॉम्प्युटरमधली एक गुप्त फाइल, एकट्या तिच्याकडे होती. आयुष्यात तिला अभिमान वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट होती.

वालूरच्या सिद्धोधनचं स्थळ आलं ते थेट त्या किल्लीवरच. पोरगा पुण्यात कंपनीत होता आणि त्याची कंपनी कोयंडाच वापरायची. पोहे खाता खाता त्याचे मामा म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण लग्नानंतर हे जगाचं लोढणं कशाला? आमचा सिद्धू बघंल की. किल्ली त्याच्याकडं द्या."

"नवरा-बायकोत कसली आलीत गुपितं?" सिद्धोधन हसून म्हणाला.

आयत्या बिळावर नागोबा तो हाच, नीलमच्या मनात आलं. तिला वाटलं, निदान आपले वडील तरी काही बोलतील. भगवानराव निवृत्त गुरुजी, पाहुण्यांचा शब्द खाली पडू न देणारे. ते म्हणाले, "दे की गं. घरातच ऱ्हाईल." ते ऐकून तिचा जीव जळाला. बाहेरच्यांचं तिला काही वाटलं नसतं.

"तुमी कोयंडा कसा वापरता, दाखवा की," ती सिद्धोधनला म्हणाली.

त्यानं ऐटीत लॅपटॉप उघडला, ओळ टाइप केली, कुलूप उघडून दाखवलं आणि लगेच पडदा साफ केला. आता कुणाला काही दिसणार नाही, अशी त्याची समजूत. नीलमनं वरच्या बाणाची कळ दाबली. मघाची ओळ जशीच्या तशी परत उमटली, आणि तिच्या शेवटी मुख्य पासवर्ड उघडानागडा. तो असा ओळीत लिहू नका, हे कोयंडा दर वेळी बजावतो. या पठ्ठ्यानं ती सूचनाच बंद करून टाकली होती.

मामांनी मोठ्यानं वाचलं, "सिद्धू राजा एक दोन तीन. हे काय हाय?"

"तुमच्या भाच्याच्या कंपनीची तिजोरी."

"इथं सगळे आपलेच हायत," सिद्धोधन कसाबसा म्हणाला.

"समदे असंच म्हणत्यात," नीलम म्हणाली आणि पोह्यांच्या बशा उचलायला लागली.

पाहुणे गेल्यावर आई सुलाबाई चिडली. "एवढा पाणउतारा कशाला करायचा? पोरगा वाईट न्हाई." नीलमला त्या पोराची कणभर दया आली नाही. पासवर्ड ओळीत लिहायची ही पळवाट तिनं अशाच आळशांची अडचण नको म्हणून इतकी वर्षं ठेवली होती. तिनं ती कायमची बुजवली, आता तसं लिहिलं तर कोयंडा उघडतच नव्हता. नव्या आवृत्तीवर सही करून तिनं ती पाठवून दिली.

आठवड्याभरात मामांचा फोन आला. भगवानरावांनी तो स्पीकरवर टाकला. "सिद्धूचं हापिसातलं काम अडलंय. पोरीला म्हणावं, ते पयल्यासारखं करून दे. मंग पुढची बोलणी करू."

नीलम पडद्यावरून मान वर न करता ऐकत होती. भगवानराव तिच्याकडे बघत राहिले.

"पोरीची वस्तू हाय," ते म्हणाले. "न्हाई म्हणायलीय ती."

त्यांनी फोन ठेवला. नीलमनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.