मधल्या अंतराचा पट्टा

पाथर्डीच्या स्टँडजवळ, मोबाईलच्या दुकानात परवा कुणी तरी तार जोडायला डाख देत होतं. तापलेल्या राळेचा तो तिखट वास नाकात शिरला आणि मी शिकवत होतो त्या शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. परवाना काढून, निव्वळ हौसेनं घरून बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्यांतले गावातले ते एकटेच. जामखेडचा आवाज त्यांना मिळे, जपानचाही मिळे. मधलं अंतर मात्र मुकं राही. एका अवकाळी वादळात कोल्हापूरकडचे फोन बंद पडले, तेव्हा तिकडे ऊसतोडीला गेलेल्या पोरांचे म्हातारे आईबाप तीन दिवस सरांच्या अंगणात बसून होते. सर काहीच ऐकवू शकले नाहीत. तेव्हापासून, त्या मधल्या अंतराला पोचेल असा लहरींचा नवा पट्टा हौशी लोकांना द्यावा, म्हणून ते दिल्लीला अर्ज करू लागले. वर्षामागून वर्षं गेली, उत्तर आलं नाही.

"सर, मिळाला का आकाशाचा सातबारा?" मी शिक्षकांच्या खोलीत विचारी. सगळे हसत, तेही हसत.

मग आम्ही चौघा शिक्षकांनी पट्टा मंजूर झाल्याचं खोटं पत्र रचलं. मजकूर माझा. हुबेहूब सरकारी भाषा, शिक्कासुद्धा. दिल्लीला निघालेल्या मेहुण्याकरवी तिथूनच टपालात टाकलं.

"सर, दिल्लीचं पाकीट हाय तुमच्या नावानं!" शिपाई ओरडत आला. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि ते रुमालात तोंड लपवून रडले. संध्याकाळी खरं सांगायचं ठरलं होतं. पण मजा येत होती, कुणीच सांगितलं नाही. सर त्या पट्ट्यावर रोज बोलू लागले.

महिन्याभरात तपासणीवाले आले. सरांनी अभिमानानं पत्र पुढं केलं.

"हे आमचं पत्रच नाही," साहेब म्हणाले.

मी दारातच उभा होतो. गप्प राहिलो. यंत्र जप्त झालं, परवाना गेला. सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

दोन वर्षांनी तो पट्टा खरोखरच मंजूर झाला. आदेशाचा कागद घेऊन मी धावत गेलो. सर अंथरुणाला खिळलेले. वहिनींनी चष्मा लावून दिला. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"भाषा सुधारली हो तुमची."

"सर, खरं आहे हो हे!"

ते भिंतीकडे वळले. त्याच महिन्यात गेले.

काळ सगळं पुसतो म्हणतात. बाकीचे तिघे विसरलेही. मला मात्र आजही 'खरं आहे हो' म्हणताना माझाच आवाज खोटा वाटतो.