टाकीतलं जायफळ

लवू आमच्या नाटकमंडळाचा पडदेवाला. मी रंगमंचावर नायिका, तो विंगेत दोरी धरून उभा. वीस वर्षांत माझं वाक्य पुरं होण्याआधी त्याने एकदाही पडदा पाडला नाही. वेळ त्याच्या बोटांत होती.

साल चौऱ्याऐंशी. दिवसा तो साकीनाक्याला श्यामकांत टिपणीसांच्या वर्कशॉपात फिटर होता. घाटकोपरच्या चाळीत शेजारच्या मद्रासी बाईंनी त्याला फिल्टर कॉफीचं वेड लावलं.

"पाणी एकदम वतला की चव पळता, ताई," तो सांगायचा.

मग सुट्टी झाल्यावर वर्कशॉपातच थांबून, दोन वर्षं खपून त्याने घरी ठेवायचं मशीन बनवलं. गजर झाला किंवा बटण दाबलं की टाकीतलं पाणी तापायचं, तांब्याच्या बारीक नळीतून थेंबथेंब पावडरीवर पडायचं, खाली अर्क तयार. दूध नंतर, कपात. चाचणीचे कप मी प्यायले. पहिले कडू जहर होते. शेवटचा प्यायले आणि डोळे मिटून बसले.

टिपणीसांनी ते मशीन सरळ आपल्या मुलुंडच्या घरी नेलं आणि पितळी पट्टी ठोकली: संशोधक, श्यामकांत टिपणीस. एक कारखानदार बघायला येणार होता.

"साहेब, कोपऱ्यात तरी माझा नाव?" लवूने विचारलं.

"फिटरचं नाव कोण वाचतं रे? उद्या हजर राहा. पण पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी!"

नाटकातली नायिका म्हणून बटण दाबायचा मान मला दिला होता. लवू माझा कोण, हे टिपणीसांना कुठे ठाऊक! मी भरजरी नेसून गेले.

दिवाणखाना भरला होता. टिपणीसांच्या पत्नी पद्मजाबाई लगबगीने आल्या. "पाहुण्यांना काळं पाणी का द्यायचं?" म्हणत त्यांनी टाकीत दूध ओतलं. वर साखर, भरपूर जायफळ. त्यांच्या घरात कॉफी म्हणजे तीच. टिपणीस कौतुकाने बघत होते.

"बरोबर ना रे, लवू?" बाईंनी विचारलं.

लवू भिंतीकडे बघत राहिला. ठरवून धरलेली शांतता मला कळते. मीही गप्प राहिले आणि ठसक्यात बटण दाबलं.

आधी करपल्याचा वास आला. मग जायफळाने नळी तुंबली. झाकण उडालं आणि उकळतं दूध टेबलभर पसरलं. कारखानदाराच्या सफारीवर शिंतोडे उडाले.

"हे संशोधन तुमचं?" तो ओरडला.

"माझं नाही!" टिपणीस किंचाळले. "या लवूने बनवलंय! सगळं यानेच! मी हातही लावला नाही!"

"मोठ्याने, टिपणीस," मी म्हणाले. "शेवटच्या रांगेत ऐकू गेलं नाही."

"लवूने बनवलंय!"

"तू गप्प का राहिलास मग?" पद्मजाबाई रडवेल्या झाल्या.

"तोंड उघडूचा नाय, असा सायबांनीच सांगल्यानी."

लवूने खिशातून दुसरी नळी काढली. घरून निघतानाच घेतली होती पठ्ठ्याने! टाकी धुतली, नळी बसवली, ताजी पावडर घातली, पाणी भरलं. पाच मिनिटांत खोलीभर दरवळ सुटला. कारखानदाराने एक घोट घेतला आणि खुर्ची लवूजवळ ओढली.

लवूने मात्र आधी स्क्रूड्रायव्हर उचलला. सावकाश ती पट्टी सोडवली आणि टिपणीसांच्या रिकाम्या बशीत ठेवली.

"घेवा, साहेब. तुमचा तेवढाच."

अशा वेळी पडदा पाडायला लवू लागायचा. पण त्या दिवशी तो पुढे होता. मी एकटीने टाळ्या वाजवल्या.