डबीतला चुना

उद्यमनगरात माझ्या गॅरेजसमोरच त्याचं गॅरेज. एकाच उस्तादाच्या हाताखाली आम्ही शिकलो. पण इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग पट्टा असलेली नवी छोटी गाडी निघाली आणि तो पट्टा बसवायला पुण्याला जाऊन शिकून आला तो. ज्यांची जुनी मोटार मी वर्षानुवर्षं सांभाळली, ते माझे डॉक्टर तसल्या नव्या गाडीचा पट्टा बदलायला थेट त्याच्या दारात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाना मागायचं निमित्त काढून मी बघायला गेलो.

वरच्या-खालच्या पुलीवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवायच्या, मगच पट्टा चढवायचा, एवढं मलाही कळत होतं. पण काळ्या तेलात त्याला खुणाच दिसेनात. मला बरं वाटलं. तेवढ्यात तो वळला.

"गड्या, तुझी तंबाखूची डबी हाय न्हवं? जरा चुना दे की."

खुणांवर चुन्याचे ठिपके द्यायची युक्ती माझी, साखळीच्या गाड्यांपासूनची. हा निर्व्यसनी, त्याचाही मला रागच. पण डॉक्टरांसमोर नाही कसं म्हणणार?

त्यानं ठिपके दिले, पट्टा चढवून ताणला, इंजिन हातानं फिरवलं. ठिपके पुन्हा समोरासमोर आले. चावी फिरवताच गाडी सुरू.

"काय डोकं आहे हो तुमचं!" डॉक्टर त्याला म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डबी खिशात कोंबून मी परतलो. चुना माझाच होता, आणि लागलाही मलाच.