ड्रायव्हर आजोबा आणि पॅराशूट

बसची नोकरी संपली आणि ड्रायव्हर आजोबांनी आपला मोर्चा घराकडे वळवला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, सुनेने चिरलेल्या भाजीत खोट काढायची, मुलाने गाडी उभी केली की ती वाकडी लागलीय म्हणून परत लावायला सांगायचं. शेवटी सुनेने गोड बोलून नातीला बालवाडीत पोचवायचं काम त्यांच्या गळ्यात मारलं आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

नात घरात नुसती दंगेखोर, पण उंबऱ्याबाहेर पडली की तोंडाला कुलूप. आजोबांच्या पँटचा खिसा धरल्याशिवाय ती बालवाडीची पायरी चढत नसे. एका सकाळी बाईंनी अंगणात भलंमोठं, रंगीबेरंगी, गोल कापड पसरलं होतं. ते पॅराशूट. सगळ्यांनी कडेने धरायचं, एकदम वर न्यायचं, एकदम खाली आणायचं आणि मधले चेंडू उडवायचे. कापड वाऱ्याने फडफडलं मात्र, नात आजोबांच्या मागे दडली.

बाईंनी तिला चुचकारून पाहिलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीच धरा ना. त्या बाजूला एक मोठं माणूस हवंच आहे."

"मी? अहो बाई, हा पोरखेळ झाला."

"पोरखेळच आहे. म्हणून तर मोठ्यांना जड जातो."

आता माघार कशी घेणार? आजोबांनी एका हाताने कड धरली, दुसऱ्या हाताची करंगळी नातीच्या मुठीत. बाईंनी 'वर' म्हणताच त्यांनी असा हिसका दिला की चेंडू थेट भिंतीपलीकडे. पोरं खिदळली. बाईंनी समजावलं, जोर लावायचा नाही, सगळ्यांच्या बरोबरीने उचलायचं. आजोबांना ते जमायला वेळ लागला. जमलं तेव्हा कापड टम्म फुगून वर गेलं, लाल-पिवळा उजेड पोरांच्या तोंडावर पडला, आणि नातीने करंगळी सोडून दोन्ही हातांनी कड पकडली.

मग तंबू करायचा होता. कापड वर गेलं की सगळ्यांनी आत शिरायचं आणि कड बुडाखाली दाबून बसायचं. आजोबा बाहेरच थांबणार होते, पण नातीने त्यांना आत ओढलं. गुडघे कुरकुरले, तरी ते बसले. आत बसून नात शेजारच्या मुलीला सांगत होती, "हे माझे आजोबा. त्यांना मोठी बस येते चालवता."

बालवाडीत तिचा आवाज बाईंनीही पहिल्यांदाच ऐकला. आजोबा उगाच चष्मा पुसत बसले.

उठताना मात्र पंचाईत झाली. शेवटी पोरांनी हात, सदरा, हाताला लागेल ते धरून त्यांना उभं केलं.

पुढच्या खेपेला आजोबा सगळ्यांच्या आधी आवरून तयार. अंगणात पोचल्यावर नातीने त्यांना सांगितलं की आज ती मैत्रिणीशेजारी उभी राहणार आहे. त्यांना जरा लागलंच. पण आजोबांच्या शेजारी कोण धरणार यावरून दोन पोरांची जुंपली होती. बाईंनी एकाला डावीकडे उभं केलं, एकाला उजवीकडे. आजोबांनी बाह्या सरसावल्या आणि कड धरली.