आरतीतला लांब सूर आणि एक स्टिकर

मंडळी, इथे राजधानीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरती करून आत्ताच वर आले आणि आधी तुम्हाला सांगायला बसले.

आमची मृण्मयी नववीत आहे. आरतीत सगळे तो एक सूर श्वास संपेपर्यंत ताणतात ना, तेव्हा पहिल्याच दिवशी कोणीतरी तिचा फोटो काढला. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. शाळेच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. कोणाला भूक लागली की मृण्मयी, झोप आली की मृण्मयी. तेव्हापासून पोरगी आरतीला आली नाही, धड जेवलीही नाही. मी त्या मुलांच्या घरी फोन करणार होते, तर म्हणाली, "आई, प्लीज, और मजाक बनेगा."

आज मी एकटीच निघाले, तर ही मागून चपला घालून आली. खाली तिच्या वर्गातली खुशी मोबाइल घेऊन उभी. आम्ही दिसताच तिने तो वर धरला.

तो सूर आला. आमच्या द्वारकेतले सगळे काका एकेक करून दमले. मृण्मयी ताणतच राहिली, तोंड तेवढंच उघडं. खुशीने मोबाइल खाली केला. "यार, इतनी लंबी साँस?"

लिफ्टमध्ये मृण्मयीने ग्रुपवर स्वतःच ते स्टिकर टाकलं आणि खाली लिहिलं, "कल आरती में आओ. मुझसे लंबा खींच के दिखाओ."

तुम्ही अशा वेळी मुलांशी काय बोलता? मी इतके दिवस शब्द जुळवत होते, आज ते लागलेच नाहीत. उद्या मोदक मात्र जास्त करणार आहे.