आघाडीवरचा क्रेग

आरोहाने शुक्रवारपर्यंत माघार घ्यावी, असं ग्रँटचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून त्याच्या हातात माझाच तक्ता होता.

पेनरोजमध्ये एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही ओपिनियन पोल घेतो. ग्रँट आमचा क्लायंट, टौरंगा शहरातल्या एका नागरिक गटाचा अध्यक्ष. गटाला मेयरपदासाठी उमेदवार निवडायचा होता. न्यूझीलंडला राष्ट्राध्यक्ष नाही, पण टीव्हीवर अमेरिकेतल्या प्रायमरी पाहून ग्रँटलाही तसंच हवं होतं. आधी इच्छुकांची चुरस, मग सभासदांचं मतदान, शेवटी फुगे. मतदानाला बरेच महिने होते. फुग्यांची ऑर्डर मात्र गेली होती.

इच्छुक दोन. क्रेग रेडिओवर रग्बीची कॉमेंट्री करायचा. आरोहा बंदरावर इंजिनिअर, शहराच्या कौन्सिलवर निवडून आलेली, पाण्याच्या जुन्या पाइपांबद्दल बोलणारी. पोलमध्ये क्रेग भलताच पुढे होता.

"लोकांनी सांगितलंय," ग्रँट व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "आता उगाच ताणायचं कशाला?"

इतक्या आधी लोक इतकं ठाम काही सांगत नाहीत. मी दोन दिवस मागून घेतले. माझा बॉस स्टुअर्ट म्हणाला, क्लायंट खूश आहे, तुला काय खुपतंय? मी म्हटलं, तेच.

आमचे पोल ऑनलाइन पॅनलवर होतात. लोक नाव नोंदवतात, सर्व्हे भरतात, पॉइंट्स मिळवतात आणि त्यावर सुपरमार्केटचं व्हाउचर घेतात. एखाद्या गटाचे लोक कमी मिळाले, तर जे मिळाले त्यांचं मत आम्ही जास्त वजनाचं धरतो. याला वेटिंग म्हणतात. टौरंगाच्या पॅनलवर तिशीतले भारतीय पुरुष थोडे होते. त्यामुळे त्यांचं वजन भरपूर. आणि ते झाडून सगळे क्रेगच्या बाजूचे.

मी त्यांची उत्तरं उघडली. तिशीतली नोकरदार मुलं, पण सर्व्हे भरला होता कामाच्या दिवशी, भर सकाळी, अगदी सावकाश. शेवटच्या कॉमेंट बॉक्समध्ये सहसा कुणी काही लिहीत नाही. इथे परिच्छेद होते. एकाची सुरुवात होती, 'रिस्पेक्टेड सर'. तिशीतला इंजिनिअर सर्व्हेला रिस्पेक्टेड सर म्हणत नाही. निवृत्त बँक मॅनेजर म्हणतो.

माझे बाबा तेव्हा टौरंगात माझ्या बहिणीकडे राहायला आले होते. त्यांना फोन लावला.

"मी नाही गं भरत," बाबा म्हणाले. "तू त्या कंपनीत आहेस ना. पण लायब्ररीत आमचा ग्रुप जमतो, त्यातले बरेच जण भरतात. मुलांना कुठे वेळ असतो? पासवर्ड देऊन ठेवलेत त्यांनी."

"बाबा, तुम्ही सगळे व्हिजिटर व्हिसावर आहात. तुम्हाला मत नाही."

"मत नाही, पण मतं आहेत की."

मग क्रेगच का, असं मी विचारलं. क्रेग गणपतीच्या कार्यक्रमाला आला होता, बूट काढून मांडी घालून बसला होता, असं कळलं.

"आणि आरोहा?"

"ती कोण?" बाबा म्हणाले. "अगं, यादीत ओळखीचं नाव एकच होतं. त्यावर टिक केलं लोकांनी. बाकीचे गोरे तरी याहून वेगळं काय करत असतील?"

सगळ्या म्हाताऱ्यांना वगळून मी पुन्हा हिशेब केला. क्रेगची आघाडी घटली, पण गेली नाही. इथवर थांबले असते तर स्टुअर्टही समाधानी झाला असता. पण बाबांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कोणाकोणाचं नाव ऐकलंय, हा प्रश्न आमच्या सर्व्हेत होताच. ज्यांनी दोघांचंही नाव ऐकलं होतं, तेवढेच लोक मी वेगळे काढले. त्यांच्यात आघाडी कुणाचीच नव्हती. आणि ते इतके थोडे होते की त्यावरूनही काही बोलता येत नव्हतं.

शुक्रवारच्या कॉलवर आरोहाही होती. माघारीचं निवेदन तिने लिहूनच आणलं होतं. मी सगळं सांगितलं. बाबा कोण, तेवढं सोडून.

ग्रँट म्हणाला, "म्हणजे क्रेग पुढे नाही?"

"क्रेगचं नाव पुढे आहे. लोकांनी अजून निवड केलेली नाही."

"पण घोषणेसाठी हॉल बुक झालाय."

"हॉल राहू दे," आरोहा म्हणाली. "मी येईन."

पुढच्या महिन्यांत तिने इतक्या सभा घेतल्या की पाइपांचा कंटाळा आलेल्यांनाही तिचं नाव पाठ झालं. सभासदांनी तिलाच निवडलं. फुग्यांवर क्रेगचं नाव छापलेलं होतं. ते तसेच खोक्यात राहिले.

लवकर घेतलेला पोल कोण जिंकणार ते सांगत नाही, कोणाचं नाव कानावर आहे तेवढं सांगतो. हे मी आता प्रत्येक क्लायंटला आधीच सांगते. प्रत्येक जण मान डोलावतो आणि विचारतो, पण पुढे कोण आहे?

निकाल कळवायला बाबांना फोन केला, तेव्हा ते पुण्याला परतले होते.

"ती पाइपवाली ना? हुशार बाई. आमच्या ग्रुपचा पहिल्यापासून तिलाच पाठिंबा होता."

तेव्हापासून निकालानंतरच्या पोलवरही माझा फारसा विश्वास नाही.