पाठीमागे पडलेल्या किल्ल्या

मुलगी बघायला आम्ही बमरोलीला गेलो होतो. पोह्यांची बशी माझ्या हातात होती. मुलीचा मामा उठून माझ्या पाठीमागं गेला आणि त्यानं किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. मी वळलो नाही. समोरच्यांच्या नजरा खाली गेल्या, तेव्हा काहीतरी पडलं एवढं कळलं.

समोर कपाटाला आरसा होता. त्यात मामाचे ओठ दिसले. अकरा वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात.

"हाऊ बहिरा शे," मामा म्हणाला. मुलीकडचे हसले.

जात एक, बोली एक, गावं शेजारशेजारची. म्हणून तर लग्न जमवायला निघाले होते. पण जातीच्या आत आणखी एक उतरंड असते. लूम असणारे वर, लूम चालवणारे खाली. ती पत्रिकेत कुणी लिहीत नाही.

मामाचे लूम होते. त्याच्याच खात्यात, म्हणजे कारखान्यात, मी चार वर्षं बारा-बारा तास उभा राहिलो. त्यानं मला ओळखलं नाही. शेठ खात्यात येतो कशाला?

मी बशी खाली ठेवली. वळलो, फरशीवरच्या किल्ल्या बघितल्या आणि म्हणालो, "मामा, मी चार वरीस तुम्हनाच खातामा व्हतू. तठेच बहिरा व्हयनू."

आईनं माझा शर्ट ओढला. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. मग मला वेगळ्याच गोष्टीची लाज वाटली. मागच्या वर्षी असंच स्थळ बघायला गेलो, तेव्हा माझ्या मावशीनं एका मुलीला सगळ्यांसमोर चालायला लावलं होतं, लंगडते का बघायला. मी तेव्हा गुमान पोहे खात होतो.

परतताना आई रिक्षात माझ्या उजवीकडे बसली. त्या बाजूचा कान पार गेलाय. नवागामला माझी खोली येईपर्यंत ती बोलत होती, डोळे पुसत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मला चौतीस वर्षं पूर्ण झाली. आई गावी परतली की सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठते. एकटं राहायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

पण बायोडेटात पहिली ओळ आता मीच घातलीय: लूमवर कान गेले. मावशीला सांगून टाकलंय, पुन्हा कुणा मुलीला चालवलंस तर मी त्या घरातून उठून जाईन. आणि ज्याला मला तपासायचंय, त्यानं माझ्यासमोर बसून तोंडावर विचारावं.